सगळ्यात हळू तो पुढं

चौथीनंतर माझा खडूशी संबंध राहिला तो ट्यूबच्या भोकावर खूण करण्यापुरता. त्यामुळं दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून गल्लीतला मास्तर दारात आला तेव्हा मी म्हणालो, बाबा, मला प्लगची फट लावता येते, वाक्य लावता येत नाही. तो म्हणाला, बोलता तसं लिहा. तसंच लिहितोय. कुणाला टोचलं तर त्यानं आपली हवा तपासून घ्यावी.

सोलापुरात माझं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, दोन पत्रे, एक कडुलिंब आणि त्याखाली एक बाकडं. गिरणीचा भोंगा झाला की उघडायचं. गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. एकानं दसऱ्याला गाडीला एवढा हार घातला की झेंडूचा दोरा साखळीत गेला आणि चाक धरलं. तो माझ्याकडं हातगाडीवर गाडी घालून आला, वर हार तसाच. म्हणाला, "मेस्त्री, पूजा पावली न्हाय." मी म्हणालो, "पावली की. चौकात धरलं असतं तर?" दुसरा एक महिन्यातून दोनदा यायचा, गाडीत आवाज येतो म्हणून. मी बसून फेरी मारली की आवाज नसायचा. शेवटी कळलं, आवाज त्याच्या खिशातल्या किल्ल्यांचा. तरी तो येत राहिला. त्याला आमच्या घरचा चहा आवडायचा.

चहा हौसा करायची. हौसा म्हणजे माझी बायको. गॅरेजच्या मागंच खोली होती. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. मला गोड बोलता आलं नाही कधी, आणि आता बोलून ऐकणार कोण? म्हणून तिच्या एका सहलीची गोष्ट लिहितो. सहल आम्ही चौघांनी केली असं सगळे सांगतात, पण ती तिचीच होती.

एकाहत्तर-बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं. तिकडं भीमेवर उजनीच्या धरणाची भिंत उठत होती. हौसाचं माहेर करमाळ्याच्या बाजूला, नदीकाठी. गाव पाण्यात जाणार हे ऐकून ऐकून लोकांना खोटं वाटायला लागलं होतं. मग एका हिवाळ्यात तिचा भाऊ आला आणि म्हणाला, आमी नव्या वस्तीला गेलो, वासे-दारं काढून नेली, आता पाडवा झाला की तितं कुत्रंबी राहणार न्हाय. एसटी तर कधीचीच बंद झाली होती. तो गेल्यावर हौसा भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "आईची चूल अजून हाय म्हणं."

मी म्हणालो, "मग?"

"मग काय. हाय म्हणं."

एवढं पुरे होतं. तिला त्या चुलीवर एकदा भाकरी करायची होती. पुढच्या पावसात चूल राहणार नव्हती.

पण जायचं कसं? डांबरी सोडल्यावर पुढं नुसती गाडीवाट, काळ्या रानातली. माझी राजदूत मी भंगारातून उभी केलेली. दुसऱ्याच्या गाडीची मी हमी द्यायचो, स्वतःच्या नाही. बायकोला मागं बसवून एकट्यानं त्या उठलेल्या मुलखात गेलो आणि गाडी बसली, तर विचारायलाही माणूस नाही. तिथं जायचं तर चारजणांत जायचं.

आणि माझ्या बाकड्यावर दर रविवारी तिघं बसलेलेच असायचे, चौथा मी. नरसय्या, पूर्वभागातल्या विणकर वस्तीतला, घरी माग, वय पंचविशीचं, बुडाखाली बुलेट. त्याला कुठं तरी रानात जाऊन राहायचं होतं, तंबू बिंबू ठोकून. बसप्पा, अडत दुकानवाले, चाळिशी ओलांडल्यावर राजदूत घेतलेली. वजन दोन पोती. दुसऱ्या गिअरच्या पुढं त्यांनी गाडी कधी नेली नव्हती. म्हणायचे, तिसरा कंपनीनं शोभेला दिलाय. आणि कांबळे, कोर्टात कारकून, त्यांचीही राजदूत. माणूस सरळ, गाडी चालवणंही सरळ. त्यांची टाकी शिवणीत गळायची. मी साबण दाबून बसवला होता, पण टाकी अर्धीच भरायची असं ठरलं होतं.

आम्हा मेस्त्री लोकांना माणूस कसा चालवतो हे विचारावं लागत नाही. ब्रेकचे लायनर खोलले की कळतं. नरसय्याचे लायनर वर्षानंतरही कोरे, कारण तो ब्रेक मारतच नसे. बसप्पांचे पापडासारखे झिजलेले, आणि क्लचच्या प्लेटा जळून काळ्या, कारण हे गृहस्थ क्लच अर्धा दाबूनच बाजार फिरायचे. कांबळ्यांचे दोन्हीकडचे सारखे झिजलेले. आता अशा तिघांना एका वाटेनं न्यायचं. भरधाव एक, भित्रा एक, मधला एक. यात खरं काम गाड्यांचं नसतं.

तरी मी आधी गाड्यांचंच केलं. सगळ्यांच्या केबली बदलल्या, साखळ्या ताणल्या. मग एका रविवारी सगळ्यांना गावाबाहेरच्या पडक रानात नेलं आणि शिकवणी घेतली. फुफाट्यात पुढचा ब्रेक विसरायचा. चाकांतली हवा थोडी कमी ठेवायची. खड्डा आला की बुड उचलून पायांवर उभं राहायचं, म्हणजे गाडी खाली नाचते आणि आपण वर राहतो. आणि चाकोरी. बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीत मोटारसायकल पडली तर पडू द्यायची, तिच्यातनंच चालायचं. बाहेर यायची घाई केली की आडवा.

बसप्पांनी घाई केली. धपकन आवाज झाला. हौसा डबा घेऊन आली होती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"हसू नका वहिनी," बसप्पा पडल्या पडल्या म्हणाले, "जमीन मऊ हाय का बघत होतो. झोपायचंय की आपल्याला."

रात्री मी हौसाला माझा बेत सांगितला. नरसय्या पुढं, तो वाट बघेल. मग कांबळे, मग आपण, बसप्पा शेवटी येतील आपल्या चालीनं.

ती म्हणाली, "असं नसतंय अवं."

"मग कसं असतंय? तू किती मोटारसायकली चालवल्या?"

"मोटारसायकल न्हाय. पण आमी कमळाभवानीच्या जत्रंला गाड्या जुपून जायचो. म्हातारी बैलं ज्याची, त्याची गाडी पुढं. खोंडं ज्याची, त्याची मागं. सगळ्यात हळू तो पुढं."

"का?"

"हळू मागं राहिला तर कुणाला कळतंय तो राहिला म्हणून? पुढं असला की सगळे त्याच्या चालीनं जात्यात. आणि अडला तर मागनं वढायला जोरकस हाय की. पोचायचं तर सगळ्यांनी एकदम. एकट्यानं पोचून काय देवीला सांगायचं, बाकीचे येतायत म्हणून?"

मी गप्प बसलो. मला पटलेलं असलं की मी गप्प बसतो. तिला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नरसय्याला हे सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "अय्यो मेस्त्री! बुलेट घेऊन मी बसप्पांच्या मागं? धूळ खात? ही काय वरात हाय काय?"

"वरात समज. नवरदेव बसप्पा."

"मग माझं लग्न झालंय, मी येत नाही."

तो आला. ताडपत्री त्याचीच होती, सुताचे गठ्ठे झाकायची, आणि तिच्याशिवाय तंबू होत नव्हता.

चुलीचं मात्र कुणाला सांगायचं नाही असं हौसानं मला बजावलं होतं. "त्यांना सहल करू द्या. माझ्या रडगाण्याला कशाला नेता?"

सामान सांगतो. ताडपत्री, तिच्यासाठी बांबू, अंगावर घ्यायला आपल्या सोलापुरी चादरी. खायला कडक भाकरी, आठवडा झाला तरी वाकत नाही आणि वास येत नाही. शेंगाची चटणी, आणि तिच्यावर घालायला शेंगतेलाची बाटली. आणि पेट्रोलचे दोन डबे. इथं थोडं थांबून सांगावं लागेल. राजदूतच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, तेच जळता जळता पिस्टनला चोपडतं. बुलेटचं तेल वेगळं असतं, तिला पेट्रोल साधं लागतं. म्हणून एक डबा मिसळीचा, एक साधा. दोन्ही डबे एकाच घाटाचे. हौसाला वाचता येत नव्हतं, मला लिहायचा कंटाळा. तिनं मिसळीच्या डब्याच्या कडीला लाल चिंधी बांधली. "लाल ते राजदूतचं," असं सगळ्यांना सांगून झालं.

सकाळी निघालो. डांबरीवर पुढं बसप्पा, दुसऱ्या गिअरमध्ये, ताठ बसून. मागनं ट्रकवाले हॉर्न मारून हसत जायचे. सगळ्यात शेवटी नरसय्या, तोंडाला रुमाल बांधून, बुलेटला चालायला शिकवत. टेंभुर्णीला चहा झाला. मी बसप्पांच्या साखळीकडं बघत बसलो होतो. तेवढ्यात बसप्पांनी काय बघितलं, तर कांबळ्यांच्या गाडीमागं बांबू हातभर बाहेर आलेत.

अडत दुकानातला माणूस. मालमोटारीत माल बाहेर आला की टोकाला लाल फडकं बांधायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, डब्याची चिंधी सोडली आणि बांबूला झोकात बांधली. पोलिसाचा त्रास नको. आम्हाला कुणाला पत्ता नाही.

पुढं डांबरी सोडली. काळं रान, ज्वारी काढून झालेली, नुसती धसकटं. फुफाटा असा की चाक कणकेत रुतल्यासारखं. बसप्पा आयुष्यात पहिल्यांदा पायांवर उभे राहून चालवत होते आणि दर खड्ड्याला "शिवा शिवा" म्हणत होते. मग त्यांचंच चाक बसलं. मी पंक्चर काढायला बसलो. कांबळ्यांची अर्धी टाकी संपत आली होती. ते म्हणाले, तुमचं होईपर्यंत मी भरून घेतो. डब्यांशी गेले. दोन्ही डबे बोडके.

"बसप्पा, लाल कुठला यातला?"

"अहो, पेट्रोल ते पेट्रोल. ज्वारीत काय नर-मादी असती का? ओता की."

कांबळ्यांनी ओतलं. ओतला तो साधा.

पंक्चर काढून निघालो. अर्ध्या तासानं कांबळ्यांची गाडी पुढं किंचाळली, मागचं चाक गच्च झालं, आणि ते चाकोरीच्या कडेला लोळले. पुढं बसप्पा होते म्हणून सगळ्यांचाच वेग बैलाचा होता. कोपर खरचटलं, एवढंच. नरसय्या पुढं असता आणि हे त्याच्या नादी लागून पळत असते, तर मी आज दुसरीच गोष्ट सांगत असतो.

किक हलेना. टाकीचं झाकण उघडून बोटं बुडवली, चोळली. कोरडी ठाक. तेलाचा बुळबुळीतपणाच नाही. पिस्टन तेलाविना तापून फुगला होता आणि सिलिंडरला धरून बसला होता.

"चिंधी कुठं गेली?" मी विचारलं.

सगळ्यांनी बांबूकडं बघितलं. चिंधी वाऱ्यावर फडफडत होती. बसप्पांनी कानाला हात लावले. "यप्पा! मेस्त्री, मला हितंच पुरून टाका."

"खड्डा लई मोठा लागंल," नरसय्या म्हणाला.

आता काय. पिस्टन निवेपर्यंत थांबायचं, मग प्लग काढून भोकातनं तेल सोडायचं, मुरू द्यायचं, आणि गाडी गिअरमध्ये घालून हळूहळू मागं-पुढं डोलवायची. देवाची कृपा असली तर सुटतो. पण कोरं तेल होतं कुठं? होतं तेवढं मी मिसळीत घालून बसलो होतो. बुलेटच्या पोटातलं काढता आलं असतं, पण ते काळं, त्यात लोखंडाचा कीस. जखमेवर वाळू चोळल्यासारखं.

ऊन उतरायला लागलं. लांब नदीच्या अंगाला एक पिंपळ दिसत होता. हौसा त्याच्याकडं बघत उभी होती. मी बघितलं, ती डोळ्याला पदर लावत नव्हती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग माझ्यानं राहवलं नाही. तिची शपथ मोडून मी सगळ्यांना सांगितलं, चूल आहे, उद्या परवा ती पाडतील, पाण्यात जाईल, आणि उजेडात पोचलो नाही तर त्या पडक्यात ती सापडायचीही नाही.

मग नरसय्यानं बुलेट चालू केली. "वहिनी, बसा मागं. मी पोचवतो. हे लोक येतील मागनं. तुमी चूल पेटवा."

"जा," मी म्हणालो. "बस त्याच्या मागं. मला हितं वेळ लागणार."

"न्हाय."

"अगं पिंपळ दिसतोय! एवढ्यासाठी आलो ना?"

"दिसू द्या की. गाडी मोडलेली सोडून कुणी पुढं जातंय का? आमच्यात असं न्हाय." मग ती कांबळ्यांकडं वळली. "भाऊ, कोपर दाखवा."

मी चिडलो. मला वाटलं ही हट्टानं चूल घालवणार. ती कोपर धुऊन झाल्यावर आपल्या गाठोड्याशी गेली आणि शेंगतेलाची बाटली घेऊन आली.

"हे चालंल का?"

"हे खायचं."

"गाडीलाबी खायलाच लागतंय न्हवं?"

मी बाटलीकडं बघितलं. घाण्याचं तेल, स्वच्छ, कीस नाही, काही नाही. प्लग काढला आणि सोडली धार. सगळे भोवती बसलो, जणू लेकराला गुटी पाजतोय. मुरू दिलं. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, मी हँडल धरलं आणि बसप्पांना मागं लावलं. मागं, पुढं. मागं, पुढं. त्यांचं वजन त्या दिवशी कामाला आलं. कुठं तरी आत बारीक कर्रर्र झालं आणि चाक सुटलं. बसप्पा ओरडले, "सुटला रे!" ते खटल्यातनं आरोपी सुटावा तसं. कांबळ्यांनी कोर्टात असं कधी ऐकलं नसेल.

टाकीतलं काढून मिसळ भरली, प्लग पुसून लावला. चौथ्या-पाचव्या किकला धडधडली. धूर निघाला तो सगळा भाजक्या शेंगांच्या वासाचा.

"मेस्त्री," नरसय्या म्हणाला, "आता दोन कांदे चिरून टाका."

पुढं बसप्पाच. पण काय झालं माहीत नाही, त्या शेवटच्या टप्प्याला या माणसानं तिसरा गिअर टाकला. फुफाट्यात, "शिवा शिवा" म्हणत. आम्ही सगळे त्यांच्या मागं, त्यांची धूळ खात, आणि नरसय्या सगळ्यात मागं राहून ओरडत होता, "शाबास नवरदेव!"

पोचलो तेव्हा सूर्य गेला होता, उजेड होता. गाव म्हणजे नुसत्या भिंती. दारं नाहीत, छपरं नाहीत. हौसा न विचारता चालत गेली आणि एका भिंतीआड वळली. चूल होती. एका बाजूचा कान पडलेला, पण होती. तिनं गाठोड्यातनं ज्वारीचं पीठ काढलं, जे मलाही माहीत नव्हतं. बसप्पांनी अडत दुकानाच्या मालकाला न शोभेल अशी धसकटं गोळा केली. नरसय्यानं नदीवरनं पाणी आणलं. कांबळ्यांनी दुखरं कोपर सांभाळत चूल फुंकली. भाकरी झाल्या. चटणी कोरडी खाल्ली, कारण तेल कांबळ्यांच्या गाडीनं खाल्लं होतं. आतापर्यंत मी पुष्कळ ठिकाणी जेवलो. तसं नाही जेवलो.

जेवताना तिनं प्रत्येकाला सांगितलं, हितं माझा भाऊ पडला, हितं आई दळायची, हितं मला बघायला हे आले तवा तोंडातनं शब्द फुटला न्हाय यांच्या. सगळे माझ्याकडं बघून हसले. रडगाणं तिनं गायलंच नाही.

सकाळी तंबू उतरवून निघायचं तर ही दिसेना. बघितलं तर शेण-माती कालवून चूल सारवत बसलेली. पडलेला कानसुद्धा नीट बसवला होता.

"अगं, पाण्यात जायची चूल सारवतीस कशाला?"

"आईच्या घरातनं जाताना चूल तशीच टाकून जाऊ व्हय?"

हात धुतले आणि माझ्या मागं येऊन बसली. परत येताना एकदाही मागं वळली नाही.

तिथं आता पाणी आहे. काठाला ऊस आहे, केळी आहेत, मोटारी चालतात. तो मुलूख सुखी झाला, मी नाव ठेवत नाही. हौसाही ठेवत नसे. त्या सहलीनंतर आम्ही दरवर्षी कुठं ना कुठं रानात जायचो, माणसं वाढत गेली, नवशिके आले, नियम तोच राहिला. एकाचा एकदा पाय मोडला, तोही थांबलेल्या गाडीवरनं उतरताना. एक रुखरुख आहे. तिला मी कधी गाडी शिकवली नाही. तिनं विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. बाकी माझं काही येणं राहिलं नाही माझ्या आयुष्याकडं, उलट मला मापाबाहेर मिळालं.

बसप्पा आता नाहीत. गेल्या वर्षी हौसा गेली तेव्हा कांबळे काठी टेकत आले, आणि नरसय्या आला, आता सत्तरीचा, गुडघ्यांना तेल मागणारा. आम्हाला मूलबाळ नाही. मडकं मीच धरलं. मडकं धरणारा पुढं चालतो. माझे पाय म्हणजे जाम झालेलं इंजिन, पाऊल उचलेना. मागं खांदेकरी गल्लीतली तरणी पोरं, ऊन वर आलेलं, ती घाई करायला लागली. कुणी तरी म्हणालं, काकांना रिक्षात बसवा, आपण पुढं होऊ.

पार मागनं नरसय्याचा आवाज आला. तसाच, बुलेटवरनं ओरडायचा तसा.

"कुणी पुढं व्हायचं नाही! मेस्त्रींच्या पावलानं चाला. सगळ्यात हळू तो पुढं. वहिनीचा नियम हाय."

पोरांना काय कळलं माहीत नाही, पण पावलं हळू झाली. मी मडकं धरून चालत राहिलो, थांबत, दम खात. माझ्या मागं ती, तिच्या मागं गल्ली, आणि सगळ्यांच्या मागं नरसय्या. वेळ लागला. पण पोचलो ते सगळे एकदम.